प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम मोजायचं कसं?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झालं, म्हणजे देशाचा जलप्रदूषण कायदा यायच्या चार वर्षं आधी. मंडळाचा कुठलाही वार्षिक अहवाल उघडा, आकड्यांना तोटा नसतो. इतकी संमतीपत्रं (कारखाना चालवायच्या परवानग्या) दिली, इतक्या भेटी झाल्या, इतके नमुने तपासले, इतक्या नोटिसा काढल्या. या आकड्यांमागे माणसांचे कष्ट आहेत यात शंका नाही. पण नोटिसा वाढल्या म्हणजे नदी सुधारली असं होत नाही. उलट नोटिसा वाढण्याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो, की तेच कारखाने तीच चूक पुन्हा पुन्हा करत आहेत. मंडळाचं काम मोजायचं तर हे आकडे एकमेकांना जोडून वाचावे लागतात. ते कसे जोडायचे हे इथे सांगितलं आहे. पत्रकार, नगरसेवक, गावातल्या संस्था यांना ही पद्धत वापरता येईल, आणि मंडळाच्या कार्यालयांनाही.

आधी हद्द ठरवा

अख्ख्या राज्याचा हिशेब मांडायला जाऊ नका. एक उपप्रादेशिक कार्यालय, त्याच्या हद्दीतला नदीचा एक पट्टा आणि एक शहर, एवढंच घ्या. शीवच्या मुख्यालयात धोरण ठरतं, पण बाटली घेऊन नाल्यावर जाणारा क्षेत्र अधिकारी उपप्रादेशिक कार्यालयाचा असतो. काम होतं की नाही, ते तिथेच दिसतं.

काळ किमान पाच आर्थिक वर्षांचा घ्या. एखाद्या वर्षी पाऊस चांगला झाला की कुठलीही नदी स्वच्छ दिसते. २०२०-२१ हे टाळेबंदीचं वर्ष तक्त्यात ठेवा, पण तुलनेचा पाया म्हणून कधीच धरू नका.

तक्त्याला चार रकाने करा: माणसं आणि साधनं, केलेलं काम, कारखान्यांनी आणि नगरपालिकांनी नियम पाळले का, आणि शेवटी नदी व हवा. अहवाल सहसा दुसऱ्या रकान्यावर थांबतात. खरी मेहनत तिसऱ्या रकान्याला लागते.

पहिला रकाना लवकर भरतो. मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि एका क्षेत्र अधिकाऱ्यामागे लाल गटातले, म्हणजे सर्वांत जास्त प्रदूषण करू शकणारे, उद्योग किती, एवढं पुरे. समजा, एकाकडे १५० लाल उद्योग आहेत. एका ठिकाणी जाऊन नमुना घेणं, कागद करणं आणि बाटल्या प्रयोगशाळेत पोचवणं यात दिवस जातो. सुनावण्या, बैठका, तक्रारी सांभाळून महिन्याला असे दहा दिवस मिळाले तर वर्षाच्या १२० भेटी होतात. म्हणजे प्रत्येक उद्योगाच्या वाट्याला वर्षातून एकही पुरी भेट येत नाही. हे गणित आधी करून ठेवा, म्हणजे पुढे कार्यालयाला दोष देताना माणसाचा आळस आणि माणसांची टंचाई यांची गल्लत होणार नाही.

कागद कुठून मिळवायचे

जल कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे राज्य मंडळाने आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत वार्षिक अहवाल सरकारला द्यायचा असतो, आणि सरकारने तो नऊ महिन्यांच्या आत विधिमंडळात ठेवायचा असतो. अहवाल वेळेवर आला का, हीच पहिली नोंद करा.

दुसरा कागद फार कमी लोक मागतात. कलम २५(६) खाली मंडळाला संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते, आणि ज्याला त्या सांडपाण्याची झळ बसते किंवा ज्याचा त्याच्याशी संबंध आहे अशा कुणालाही ती कार्यालयीन वेळेत पाहता येते. कारखान्याला दिवसाला किती घनमीटर पाणी सोडायची परवानगी आहे, कुठे सोडायची आणि कोणत्या मर्यादेत, हे तिथे सापडतं. नमुन्याचा अहवाल या अटींशेजारी ठेवल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

बाकीचं माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो. शुल्क १० रुपये. ‘प्रदूषणाबाबत सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं तर हाती काही लागत नाही. असं लिहा: ‘दि. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात आपल्या कार्यालयाने घेतलेल्या सांडपाण्याच्या सर्व नमुन्यांची यादी द्यावी. त्यात उद्योगाचे नाव, नमुन्याची तारीख व वेळ, नमुना घेतल्याचे ठिकाण, पीएच, बीओडी, सीओडी, टीएसएस, नमुना प्रयोगशाळेत पोचल्याची तारीख व अहवालाची तारीख असावी. माहिती संगणकावर ज्या स्वरूपात आहे त्याच स्वरूपात मिळावी.’ यातला पीएच म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे तो आकडा, बीओडी म्हणजे जिवाणूंना पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन, सीओडी म्हणजे तीच घाण रसायनाने मोडायला लागणारा ऑक्सिजन आणि टीएसएस म्हणजे पाण्यात तरंगणारे घन कण. नोटिसांसाठी वेगळा अर्ज, तक्रारींसाठी वेगळा. शेवटचं वाक्य विसरू नका, नाही तर छापील कागदांचा गठ्ठा येतो आणि सगळे आकडे हाताने भरावे लागतात.

नियमपालनाची टक्केवारी: छेद तपासा

‘८० टक्के उद्योग निकषात बसतात’ असं वाक्य आलं की विचारायचं, कशाच्या ८० टक्के? एक नमुना हिशेब पाहा. समजा, हद्दीत लाल गटातले २०० उद्योग आहेत. वर्षभरात १२० ठिकाणी भेट झाली. त्यांतले १५ भेटीच्या वेळी बंद होते. १०५ नमुने घेतले, त्यांतले ८४ निकषात बसले. ८४ भागिले १०५ म्हणजे ८० टक्के, आकडा बरोबर आहे. पण २०० पैकी निकषात असल्याचा पुरावा आहे फक्त ८४ जणांचा, म्हणजे ४२ टक्क्यांचा. २१ जण नापास, आणि ९५ जणांबद्दल मंडळाला काहीच माहीत नाही. तक्त्यात टक्केवारीऐवजी हे तीन आकडे लिहा: पास, नापास, माहीत नाही. पाच वर्षांत ‘माहीत नाही’चा आकडा खाली आला असेल तर ते कार्यालयाचं खरं यश आहे, मग नापासांची संख्या वाढलेली का असेना. शोध वाढला की सुरुवातीला चोर जास्तच सापडतात.

‘भेटीच्या वेळी बंद आढळला’ हा शेरा वेगळा मोजा. एकाच उद्योगाला तो दोनदा-तीनदा लागला असेल तर त्या महिन्यांचं वीजबिल मागवण्याची शिफारस करा. भेटीची बातमी आधी पोचते की कारखाना खरंच बंद होता, ते युनिटवरून कळतं.

नमुना कुठून घेतला तेही पाहा. ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) आउटलेटला घेतलेला नमुना आणि आवाराबाहेर पावसाळी गटारात घेतलेला नमुना यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. शिवाय कलम २१ ची रीत पाळली गेली का ते तपासा. मालकाला किंवा त्याच्या माणसाला तिथेच नोटीस, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग, दोन्हींवर सील आणि सह्या. ही रीत चुकली तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. प्रयोगशाळेत नापास झालेले किती नमुने या एका कारणाने निकामी झाले, हा आकडा कार्यालयाच्या कामाबद्दल भेटींच्या संख्येपेक्षा जास्त सांगतो.

आता सगळ्यात मोठी गफलत. सगळे उद्योग सारखे धरले जातात. बीओडीचा भार काढायचं सूत्र सोपं आहे: मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले दिवसाचे घनमीटर, भागिले १०००, म्हणजे दिवसाचे किलो. दिवसाला ५०० घनमीटर पाणी ३० मिलिग्रॅमने सोडणारा कारखाना १५ किलो भार टाकतो. दिवसाला ५ कोटी लिटर सांडपाणी ४० मिलिग्रॅमने सोडणारं शहराचं एसटीपी (मैलापाणी शुद्धीकरण केंद्र) २,००० किलो टाकतं. अशा १३३ कारखान्यांएवढा भार एका ठिकाणाहून येतो. जमिनीवरच्या पाण्यात सोडायच्या सांडपाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, तेव्हा ‘४० म्हणजे थोडंसंच जास्त’ म्हणून तो अहवाल बाजूला पडतो. म्हणून उद्योग आणि नगरपालिका भाराच्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या दहांवर किती भेटी खर्च झाल्या ते पाहा. छोट्या वर्कशॉपना नोटिसा आणि मोठ्या नाल्याकडे काणाडोळा, हे चित्र या एका यादीतून उघड होतं.

नोटीस निघाली, पुढे काय

उल्लंघन सापडल्यावर कारवाईची एक शिडी असते: कारणे दाखवा नोटीस, प्रस्तावित निर्देश, अंतरिम निर्देश, बंदचे निर्देश, मग पुन्हा सुरू करण्याची परवानगी. मध्ये बँक गॅरंटी घेणं किंवा जप्त करणं. प्रत्येक नापास नमुन्यासाठी एक ओळ करा आणि या प्रत्येक पायरीची तारीख लिहा. मग दोनच गोष्टी काढा.

पहिली, नमुना घेतल्यापासून पहिल्या कारवाईपर्यंतचे दिवस. सरासरी काढू नका, दिवस चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. एखादं प्रकरण न्यायालयात तीन वर्षं अडकलं की सरासरी बिघडते. शेजारी सर्वांत जुन्या दहा प्रकरणांची यादी द्या.

दुसरी गोष्ट, कारवाईनंतर बारा महिन्यांत त्याच उद्योगाचा पुन्हा नमुना घेतला का, आणि घेतला तर तो पास झाला का. पुन्हा नमुनाच नसेल तर ते प्रकरण ‘निकाली’ धरू नका. कारखाना बंद केला, आठवड्यात हमीपत्रावर सुरू झाला आणि पुढे वर्षभर कुणी फिरकलं नाही, तर फाइलवर कारवाई पूर्ण दिसते आणि नाल्यात फरक शून्य असतो.

खटल्यांची संख्या वाचताना एक काळजी घ्या. जनविश्वास कायद्याने हवा कायद्यात केलेले बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. बऱ्याच उल्लंघनांना आता कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आहे आणि तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. न्यायालयातले खटले कमी झाले म्हणून मंडळ ढिलं पडलं, असा निष्कर्ष त्यानंतरच्या वर्षांसाठी काढता येत नाही. लावलेला दंड आणि प्रत्यक्षात वसूल झालेला दंड असे दोन आकडे मागा.

नदी

नदीचे आकडे भरताना चुका सर्वांत जास्त होतात, कारण इथे बाटली कशी भरली यावर उत्तर ठरतं. विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली ३०० मिलिलिटरची. ती पाण्याखाली हळूच भरायची, काठोकाठ, बूच लावल्यावर आत हवेचा एकही बुडबुडा नको. मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड काठावरच घालून ऑक्सिजन तिथेच बांधायचा. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर पाणी जवळजवळ मेलेलं. गाडीत बसून प्रयोगशाळेत पोचल्यावर रसायन घातलं तर आलेला आकडा नदीचा नसतो.

वेळही लिहायला सांगा. शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी ऑक्सिजन चढलेला असतो आणि पहाटे तळाला गेलेला. दर वेळी दुपारी दोनला नमुना घेणारं केंद्र नदीला विनाकारण चांगले गुण देतं. मासे मेल्याची तक्रार असेल तर त्याच दिवशी, शक्यतो सकाळीच नमुना हवा. दोन दिवसांनी घेतलेला नमुना निर्दोष आला, तर त्यातून पाणी वाहून गेलं एवढंच सिद्ध होतं.

बीओडीची चाचणी आपल्याकडे २७ अंश सेल्सिअसवर तीन दिवसांची असते. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी, फार तर चोवीस तासांत चाचणीला लावायला हवा. उशीर झाला तर बाटलीतले जिवाणू मधल्या काळात घाण खाऊन टाकतात आणि बीओडी कमी दिसतो. म्हणजे आळसाचा फायदा प्रदूषण करणाऱ्याला. म्हणूनच अर्जात नमुन्याची आणि प्रयोगशाळेत पोचल्याची, अशा दोन्ही तारखा मागायच्या. गुरुवारी लावलेल्या चाचणीचं वाचन रविवारी येतं, ते खरंच रविवारी झालं का, हेही विचारण्यासारखं आहे.

तुलना नेहमी त्याच केंद्राची, त्याच महिन्याची. मे ची मे शी, डिसेंबरची डिसेंबरशी. पावसाळ्याचे महिने वेगळे ठेवा. आंघोळीच्या पाण्याचा निकष लक्षात ठेवा: बीओडी ३ मिलिग्रॅमच्या आत, ऑक्सिजन ५ च्या वर, मैलाजन्य कोलीफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असावेत आणि २,५०० च्या पुढे जाऊ नयेत. वर्षातल्या किती महिन्यांत हे तिन्ही निकष एकाच वेळी पाळले गेले, ते मोजा. वार्षिक सरासरीपेक्षा हा आकडा प्रामाणिक आहे.

पाणी गुणवत्ता निर्देशांकावर फार विसंबू नका. त्यात चार घटक आहेत: ऑक्सिजनला ०.३१, मैलाजन्य कोलीफॉर्मला ०.२८, पीएचला ०.२२ आणि बीओडीला ०.१९ एवढं वजन. आपल्या बहुतेक नद्यांचा पीएच ठीकच असतो, त्यामुळे तो घटक निर्देशांक वर उचलून धरतो. ‘मध्यम ते चांगली’ असा शेरा असलेल्या नदीत कोलीफॉर्म मर्यादेबाहेर असू शकतात. निर्देशांक लिहा, पण शेजारी कोलीफॉर्म आणि बीओडी सुटे लिहा.

प्रदूषित पट्ट्यांची संख्या बातम्यांत हमखास येते. केंद्रीय मंडळाच्या यादीत २०१८ मध्ये देशात ३५१ पट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. २०२२ मध्ये देशात ३११ आणि महाराष्ट्रात ५५. दोन्ही वेळा राज्य पहिलं. पण कामगिरी पाहायची तर संख्येपेक्षा प्रत्येक पट्ट्याची पायरी पाहा. बीओडी ३० च्या वर तो पहिला प्राधान्यक्रम, २० ते ३० दुसरा, १० ते २० तिसरा, ६ ते १० चौथा, ३ ते ६ पाचवा. पहिल्यातून तिसऱ्यात आलेला पट्टा यादीत तसाच राहतो, पण तिथे बरंच काम झालेलं असतं.

हवा

पीएम-१० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण, पीएम-२.५ म्हणजे त्यांतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक. पीएम-१० ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, चोवीस तासांची १००. पीएम-२.५ साठी हेच आकडे ४० आणि ६०. वार्षिक सरासरीसाठी वर्षात किमान १०४ मोजण्या लागतात, आठवड्यातून दोन, समान अंतराने. आधी १०४ भरतात का ते बघा, मग महिन्यागणिक मोजा. मशिन नेमकं डिसेंबर-जानेवारीत बंद पडलं असेल तर वार्षिक सरासरी आपोआप सुधारते.

केंद्रांची संख्या बदलली की फसगत ठरलेली. समजा, पहिल्या वर्षी दोन केंद्रं, १४० आणि १००, सरासरी १२०. पुढच्या वर्षी तीच केंद्रं १४२ आणि १०२ वर गेली, पण झाडीतलं एक नवं केंद्र आलं, त्याचं ६२. नवी सरासरी १०२. कागदावर १५ टक्के सुधारणा, आणि जुन्या दोन्ही ठिकाणी हवा आणखी बिघडलेली. उपाय एकच, सर्व वर्षं चालू असलेल्या केंद्रांचीच सरासरी काढा आणि नवी केंद्रं खाली वेगळी दाखवा. हाताने चालवलेल्या आणि स्वयंचलित केंद्रांचीही सरमिसळ करू नका.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्राची १९ शहरं आहेत. २०१७-१८ च्या तुलनेत २०२५-२६ पर्यंत पीएम-१० चाळीस टक्क्यांनी उतरवायचं किंवा मानकापर्यंत आणायचं, हे उद्दिष्ट होतं. ते पीएम-१० वर बेतलेलं होतं हे विसरू नका. रस्त्यावर पाणी मारून मोठी धूळ बसते, फुप्फुसात खोल जाणारी पीएम-२.५ फारशी हटत नाही. दोन्ही रकाने ठेवा.

आकडे खरे आहेत का

शेजारच्या गुजरातेत २००९ ते २०११ या काळात अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या प्रदूषण मंडळाबरोबर एक प्रयोग केला. कारखाना स्वतः निवडलेल्या आणि स्वतः पैसे दिलेल्या लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घेतो, तेव्हा चिमणीचे आकडे १५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या किंचित खाली दाटीने येतात, असं आढळलं. परीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमले, पैसे सामायिक निधीतून दिले आणि फेरतपासणी ठेवली, तेव्हा खोटे ‘पास’ ८० टक्क्यांनी घटले. त्याच काळातल्या दुसऱ्या प्रयोगात तपासणीच्या भेटी दुपटीहून जास्त वाढवल्या, पण सरासरी प्रदूषणात लक्षणीय घट झाली नाही. भेटी मोजून कामगिरी ठरवणाऱ्यांनी हा निष्कर्ष भिंतीवर लावावा.

तुम्हीही ही कसोटी लावू शकता. बीओडीचे सगळे आकडे पाच-पाचच्या गटांत मांडा. २५ ते ३० मध्ये ढीग आणि ३० ते ३५ जवळजवळ रिकामं असेल, तर तपासणी कुठे तरी मर्यादेकडे बघून लिहिली जाते. बीओडी सीओडीपेक्षा जास्त असेल तर अहवाल चुकलाच. सलग महिने तोच आकडा असेल तर कुणी तरी मागचं पान उतरवलं आहे.

श्रेय आणि दोष वाटताना

एसटीपी बांधणं नगरपालिकेचं काम, मंडळाचं नाही. पण संमती देणं, अट घालणं, मुदत टळल्यावर निर्देश काढणं आणि पुढची पायरी चढणं मंडळाचंच. नदी सुधारली नाही तर शिडीच्या तारखा पाहा. तारखा वेळच्या वेळी पुढे सरकल्या असतील तर मंडळाने आपलं काम केलं असं लिहा, आणि बोट नगरपालिकेकडे दाखवा.

औद्योगिक पट्ट्यांचा सेपी निर्देशांक (हवा, पाणी, जमीन यांच्या प्रदूषणाचा एकत्रित आकडा) वापरायचा तर एकाच पद्धतीचे आकडे घ्या. २००९ मध्ये चंद्रपूरचा ८३.८८ होता, २०१८ मध्ये तारापूर ९३.६९ घेऊन देशात पहिलं आलं, पण मधल्या काळात मोजण्याची रीत बदलली. २००९ चा आकडा २०१८ च्या आकड्यातून वजा करू नका.

सगळं जमलं की एका पानावर बारा ओळी उरतील: एका अधिकाऱ्यामागे लाल उद्योग, पास, नापास, माहीत नाही, वरच्या दहा भारांवरच्या भेटी, रीत चुकून वाया गेलेले नमुने, कारवाईला लागलेले मधले दिवस, बारा महिन्यांत फेरनमुना झालेल्यांचं प्रमाण, वसूल झालेला दंड, तिन्ही निकष पाळलेले नदीचे महिने, जुन्या केंद्रांचं पीएम-१०, आणि पीएम-२.५. हे पान आधी उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना दाखवा आणि त्यांचं म्हणणं शेजारी छापा, कारण काही आकड्यांची कारणं फक्त त्यांनाच ठाऊक असतात. मंडळाचा अहवाल ३१ जुलैपर्यंत सरकारकडे जायला हवा. तेव्हा माहिती अधिकाराचे अर्ज एप्रिलमध्ये टाका, अपिलाला वेळ उरतो आणि विधिमंडळात अहवाल यायच्या आत, म्हणजे ३१ डिसेंबरआधी, तुमचं पान तुमच्या आमदारांच्या हातात देता येतं.